तीन साड्यांना एक डबा

अविनाश शेलारला ते कळलं मंगळवारी दुपारी, दुकानातून जेवायला घरी आल्यावर.

ओट्यावर स्टीलचे दोन नवे डबे होते. आतल्या खोलीतलं कपाट सताड उघडं होतं आणि वरचा कप्पा रिकामा होता.

"बाबा, बोहारीण आली होती," कस्तुरी म्हणाली. "आईच्या सहा साड्या होत्या. तीन साड्यांना एक डबा. म्हणजे सहा साड्यांना दोन. बरोबर आहे ना?"

हिशेब बरोबर होता. एक वर्षापूर्वी हाच हिशेब तिला जमला असता, तर त्याने अख्ख्या आळीत पेढे वाटले असते. आता तो चपला न घालताच बाहेर पळाला.

जुन्या कापडाचा पुन्हा धागा करायचा धंदा सुरू झाल्यापासून बोहारणी परत गल्लोगल्ली दिसू लागल्या होत्या. डोक्यावरची टोपली गेली होती. विजेवर चालणारी तीनचाकी आली होती, आणि तिच्या पाठीला कापड पिंजणारं यंत्र. बोहारीण शोभाबाई त्याला दत्ताच्या देवळापाशी सापडली. यंत्र चालूच होतं.

"दादा, पोरीला मी दोनदा विचारलं," ती घाबरून म्हणाली. "म्हटलं, आईच्या आहेत का गं? घरात विचार. तर म्हणाली, सहा भागिले तीन दोन. मी तरी काय करू?"

पाच साड्यांचा कापूस झाला होता. सहावी पोपटी होती, ती अजून यंत्रात गेली नव्हती. अविनाशने ती ओढून घेतली.

"डबा परत नको मला," शोभाबाई म्हणाली. "राहू द्या."

साडी छातीशी धरून तो अनवाणी घरी आला. बायकोला, स्नेहलला, जाऊन चौदा महिने झाले होते. पण ती खरोखर गेली असं त्याला त्या मंगळवारी वाटलं.

कस्तुरी स्वमग्न होती. तिला बोलता येत होतं, पाच वर्षांची असताना वाचता येत होतं. गणित मात्र येत नव्हतं, आणि त्याचं कारण शाळेतल्या कोणालाही कधी शोधावंसं वाटलं नाही.

"पाच वाट्या आणि तीन वाट्या, किती झाल्या?" बाई विचारायच्या.

"कोणत्या?" कस्तुरी विचारायची.

वर्गात हशा फुटायचा. तिचं नावच 'कोणत्या' पडलं होतं. "ए कोणत्या, वाजले किती?" पोरं मधल्या सुट्टीत ओरडायची. बाईंना वाटायचं, पोरगी उद्धट आहे. नंतरच्या बाईंना वाटलं, मंद आहे. तिसऱ्या आल्या त्यांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि प्रश्न विचारणंच सोडून दिलं.

स्नेहलला मात्र कारण सापडलं. घरच्या भांड्यांवर नावं घातलेली होती, पूर्वी लग्नात आलेल्या भांड्यांवर घालत तशी. 'कु. स्नेहल हिस आत्याकडून', 'बारशाप्रीत्यर्थ', आणि तारीख. कस्तुरी प्रत्येक वाटी त्या नावाने ओळखायची. आत्याची वाटी आणि बारशाची वाटी मिळून 'दोन वाट्या' होतात, हे तिला पटायचंच नाही. दोन काय? ही ही आहे आणि ती ती आहे.

मग स्नेहल तिला वाट्यांची नावं लिहायला लावायची, एकाखाली एक. नावं लिहून संपली की शेवटच्या नावापुढे आकडा घालायचा. आठ वाट्यांची बेरीज करायला पाऊण तास लागायचा, पण उत्तर चुकायचं नाही.

"हिला गणित येतं," स्नेहल मुख्याध्यापकांना म्हणाली होती. "उशिरा येतं. उशीर हा काय रोग आहे?"

रोगच होता. कारण मधल्या काळात अंकपात्रतेचा कायदा आला होता. दीड तासात साठ प्रश्न सुटले नाहीत तर दहावी नाही, आणि दहावी नाही तर पुढे काही नाही. कस्तुरीला देशी बियाणं जपणाऱ्या पेढीत शिकायला जायचं होतं. तिथे बियांची पाकिटं वेगवेगळी ठेवतात, म्हणून. तिथेही दहावीच मागत होते. ज्यांना साठ प्रश्न सुटत नाहीत त्यांच्यासाठी सरकारने फुकट सोय केली होती. तिचं नाव समक.

समक म्हणजे तांदळाएवढा दाणा, कानामागे कातडीखाली बसवायचा. स्नेहल होती तोवर तिने सही केली नाही. ती गेल्यावर चार महिन्यांनी अविनाशने केली. तो विजेच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचा, नवी तार गुंडाळून. दिवसभर दुकान, सकाळ-संध्याकाळ चूल, आणि रोज शाळेतून फोन. तो थकला होता.

दाणा हळूहळू काम करतो. दोन महिन्यांत कस्तुरीला पाढे आले. चौथ्या महिन्यात तिने आपल्या वाटीसाठी हट्ट करणं सोडलं, कुठलीही वाटी चालू लागली. सुधारली, असं अविनाशने सगळ्यांना सांगितलं. आठव्या महिन्यात ती दहावी झाली. कोणी तिला 'कोणत्या' म्हणेनासं झालं.

आणि दहाव्या महिन्यात हा मंगळवार आला.

गुरुवारी तो कस्तुरीला घेऊन जिल्ह्याच्या केंद्रात गेला. डॉ. मुग्धा केळुसकर समक बनवणाऱ्या गटात पहिल्यापासून होत्या. बाई चांगल्या होत्या. त्यांनी चहा मागवला.

"तुम्ही मोटारीत तार गुंडाळता ना? किती वेढे?"

"एका खाचेत बत्तीस."

"त्यातला अकरावा कोणता आणि बारावा कोणता, हे तुम्ही बघता?"

"कशाला बघू? सगळे सारखेच."

"हेच ते. मोजायचं म्हणजे फरक विसरायचा. तीन आंबे म्हणताना तुम्ही डागाळलेला आंबा आणि गोड आंबा हा फरक टाकून देता, तेव्हा कुठे तीन हातात येतात. आपला मेंदू हे गाळणं न सांगता करतो. कस्तुरीच्या मेंदूत ती गाळणी सैल होती. तिला प्रत्येक वस्तू पूर्ण दिसायची. समक एवढंच करतो. एका जातीच्या वस्तू समोर आल्या की फरकाचे संदेश मंद करतो."

"वस्तू आल्या की," अविनाश म्हणाला. "आणि माणसं आली की?"

डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. "मेंदूत माणसांसाठी वेगळा कप्पा असेल असं आम्ही धरून चाललो होतो."

"धरून चालला होतात."

"चाचण्या झाल्या होत्या, शेलार. चार हजार मुलांवर."

"चाचणीत काय विचारलंत?"

"गणित."

"आईबद्दल काही विचारलंत?"

त्यांनी मान खाली घातली. मग स्वतःहून सांगितलं, कारण बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "घरात मृत्यू झालेली काही मुलं त्यात होती. ती लवकर सावरली. आम्ही ते फायद्यांच्या रकान्यात लिहिलं."

अविनाशने चहा तसाच बाजूला सरकवला. "माझ्या बायकोला मोजून रकान्यात टाकलंत तुम्ही! तिच्या सहा साड्या होत्या. ही पोरगी एकेकीची गोष्ट सांगायची. ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हाची, ही पावभाजी सांडली ती, ही आजोबा गेले त्या दिवसाची. मला, नवऱ्याला, आठवत नव्हतं, हिला आठवायचं. तुम्हाला सहाच दिसल्या?"

"दाणा काढता येतो," डॉक्टर हळू म्हणाल्या. "वर्षाच्या आत काढला तर बरंचसं परत येतं. नंतर मेंदूतल्या वाटा पक्क्या होतात. तुमच्याकडे सात आठवडे आहेत. पण कस्तुरीला सोळा पूर्ण झाली आहेत. आता सही तिची लागेल."

कस्तुरी इतका वेळ भिंतीवरच्या फरशा मोजत होती. "काढल्यावर गणित जाईल?"

"पूर्वीसारखं होईल. हळू."

"मग पेढीतली मुलंही हसतील. आता डोकं दुखत नाही माझं. कोणी हसत नाही. मी का काढू?"

अविनाशला तिचा राग आला नाही. अकरा वर्षं जिला रोज हसले, ती दुसरं काय म्हणणार? तो डॉक्टरांकडे वळला.

"हसणाऱ्यांच्या डोक्यात घालायला नाही का निघाला एखादा दाणा?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"का नाही?"

"कोणी मागितला नाही." त्यांनी दाणा काढायचा अर्ज पुढे सरकवला. "समकची मागणी मात्र वाढली आहे. आता ज्यांचं गणित चांगलं आहे तेही आईबाप मागतात. आणखी चांगलं व्हावं म्हणून. पुढच्या वर्षापासून पहिलीत सगळ्यांनाच बसवणार आहेत."

परतीच्या गाडीत कस्तुरी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. बाबा रडतायत हे तिला कळत होतं. ती मायाळू होती, पहिल्यापासून होती, ते काही दाण्याने नेलं नव्हतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही दुसरं लग्न करा. आपण दोन आहोत. एक बाई आली की परत तीन होतील. मग पहिल्यासारखंच."

ती त्याला धीर देत होती.

घरी आल्यावर त्याने दुकानातली एक कोरी वही काढली आणि स्नेहलच्या पद्धतीने लिहायला बसला, एकाखाली एक. दातांच्या डॉक्टरची, अबोली. पावभाजीची, निळी. आजोबा गेले त्या दिवसाची, पांढऱ्या ठिपक्यांची. कस्तुरीकडून इतक्यांदा ऐकलं होतं की आणखी दोन जमल्या. मग त्याने पोपटी साडी तिच्यापुढे धरली.

"कस्तू, ही कोणती गं?"

तिने साडी हातात घेतली, उलटून पाहिली. सांगायचा खरोखर प्रयत्न केला. कपाळाला आठी पडली.

"साडी," ती म्हणाली. "एक."

केंद्रातला अर्ज टेबलावर आहे. त्यावर कस्तुरीची सही झालेली नाही. सात आठवड्यांतले तीन गेले. वहीत सहाव्या ओळीवर 'पोपटी' एवढंच लिहिलं आहे. ती कोणत्या दिवसाची, ते लिहायचं राहिलं आहे.