कमलम्माची कोरी कॅसेट

कॅसेट कोरी निघाली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

इतिहास विभागाच्या खोलीत वीरभद्र सरांनी टेप मागे नेला, पुढे नेला, आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर. मुलाखत घेणारी लुंबिनी शेजारीच उभी होती.

"कमलम्माचीच ना ही?"

"हो सर. रविवारी सकाळी घरी ऐकून शेवटचं पान उतरवलं. सोमवारी तुमच्या कपाटात ठेवली."

एम.ए.च्या या वर्गाला सर नुसतं पुस्तकातून शिकवत नसत. भूकंपाला पाच वर्षं होत आली होती. प्रत्येकाने किल्लारीकडचं एक माणूस गाठायचं, त्याला बोलतं करायचं, आवाज आणि उतरवलेला मजकूर दोन्ही आणून द्यायचं. आवाज नसेल तर मजकूर बाद. तीन वाजता बाहेरचे परीक्षक येणार होते. आणि ढिगाऱ्यात लेकीचा हात उजाडेपर्यंत धरून बसलेली कमलम्मा पुन्हा सांगायला उरली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती गेली.

लुंबिनीलाही दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. नवरा प्रेम लातूरला एका शिकवणीत फिजिक्स शिकवायचा. पास झाली तर नांदेडात राहून पुढे शिकायचं, नाही तर लातूरला जाऊन शिकवणीच्या पोरांची मेस सांभाळायची, असं घरात ठरलं होतं. त्यात दीड वर्षाच्या लेकीला डांग्या खोकला. पंधरा दिवस लुंबिनीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिने कॅसेट उलटीपालटी केली. मुलाखत संपताच कडेचा प्लास्टिकचा बारका तुकडा तिने स्वतः मोडला होता. तो मोडला की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हा सरांचा पहिल्या दिवशीचा धडा. आता त्या खाचेवर खाकी चिकटपट्टी होती.

"सर, ही चुकून पुसली नाही. कुणीतरी पुसलीय."

सरांनी वर्गातल्या ताहेरकडे पाहिलं. "कपाटाची किल्ली आठवडाभर तुझ्याकडे होती."

ताहेर भडकला. त्याच्या अब्बांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. "मला पुसायचीच असती तर दुकानातलं चुंबक फिरवलं असतं, सर! दोन मिनिटांचं काम. पट्टी चिकटवायला मी काय येडा हाय?"

"मग ही कशी पुसली?" लुंबिनीने विचारलं.

"साध्या टेपवर, ताई. भरायचं बटण दाबलं आन अर्धा तास गप बसला. पण टेपच्या पोटात माईक असतो. माणूस गप बसला तरी तो ऐकत ऱ्हातो." त्याने हेडफोन पुढे केला. "खरखर सोडा. तिच्यामागं काय हाय ते ऐका."

आधी पंखा. मग झोळीची दोरी करकरली. मग खोकला. लांब ओढलेला, शेवटी कोंबड्यासारखी हूक उठणारा. हा खोकला तिने हजारात ओळखला असता; पंधरा रात्री तिने तोच ऐकला होता, स्वतःच्या लेकीचा.

तिने अर्धा तास शेवटपर्यंत ऐकलं. मग रिक्षा केली.

घरी प्रेम बसला होता. परीक्षा म्हणून गेल्या शनिवारीच रजा काढून आला होता आणि लेकीच्या झोळीशेजारी चाचणीच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटं बंद करत होता. सासू पंचफुला तांदूळ निवडत होती.

"आत्या, रविवारी मी पाण्याच्या रांगेत होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरीच की. लेकराला टाकून कुठं जाऊ?"

"पूर्ण वेळ?"

"मधी पिरेमनं खडीसाखर आणाया धाडलं तेवढं. जवळ भेटली न्हाई, पार चौकात गेले. का गं?"

लुंबिनी नवऱ्याकडे वळली. "कमलम्मा तुम्ही पुसलीत."

"येड लागलं का? माझा आवाज हाय का त्याच्यात?"

"नाही. तिथंच तुम्ही सापडलात. लेक अकरा वेळा खोकली. आत्या असत्या तर पहिल्याच उबळीला 'बाय माझी' म्हणून उचललं असतं. कुणीही उचललं असतं. बोललो तर पकडले जाऊ, ही भीती असलेला माणूसच तेवढा गप बसतो. कॅसेट मोडली असती तर मी चोर शोधला असता. कोरी निघाली की मला वाटणार, मीच बटण चुकले. पण तुकडा मोडलेला होता, म्हणून पट्टी लावावी लागली." तिने पाकिटांवरच्या खाकी पट्टीकडे बोट केलं. "हीच. पोरांना ध्वनीचा धडा शिकवता, आणि गप बसलं की कोरं होतं असं समजलात?"

प्रेमने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"पास झाली असतीस तर तू आली नसतीस," तो म्हणाला. "खोली घेऊन ठेवलीय मी. पंधरा पोरं सांगून ठेवलीत. जग लातूरला पळून राहिलं, आन तू मेलेल्यांची रडगाणी जमवून राहिलीस!"

"पिरेम," पंचफुला हळू म्हणाली, "लेकरू खोकत होतं रे."

प्रेमने पुढचं पाकीट ओढून त्यावर पट्टी लावली.

तीन वाजता लुंबिनीने सगळं परीक्षकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तर्क चोख आहे, बाई. पण कमलम्मा कुठं आहे?"

तिने छत्तीस पानं पुढे सरकवली.

"ही तुमची लेखणी झाली, तिचा आवाज नव्हे." त्यांनी चष्मा पुसला, गुणांच्या रकान्यात शून्य मांडलं. "माझा नाइलाज आहे."

वीरभद्र सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

चौथ्या दिवशी टेम्पोत सामान भरलं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा प्रेमने विचारलं, "च्या घेतीस?"

"तुम्ही घ्या," ती म्हणाली.

उद्यापासून पंधरा पोरांना सकाळी सातला पोहे लागणार होते.