छपरावरची पावलं

वरून काहीतरी धपकन पाण्यात पडलं आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरी कडेला जाऊन चिकटल्या. मी मान वर केली. छपराच्या उघड्या झडपेतून एक ओशाळलेला चेहरा खाली डोकावत होता.

"माफ करा... तो माझा बूट आहे."

नगरपालिकेच्या जलतरण तलावावर मी पोहायला शिकवते. आजवर तळातून चष्मे काढलेत, कानातली काढलीत, एकदा तर कुणाची कवळीही काढलीय. बूट पहिलाच. मी बुडी मारून तो वर आणला, तोवर बुटाचा मालक एक पाय उचलत शिडीवरून खाली आला होता.

"छपरावर बूट कशाला काढायचा?"

"पत्र्यावर घसरत होतो. अनवाणी बरं पडेल असं वाटलं."

"मग पायात मोजा कसा?"

त्याने खाली पाहिलं. "तो काढायच्या आधीच बूट गेला."

पोरी खिदळल्या. मी चेहरा गंभीर ठेवला. कपडे बदलायच्या खोलीत गेल्यावर मात्र तोंडावर टॉवेल दाबून हसत सुटले.

तो इंजिनिअर होता — स्वच्छ ऊर्जेत गुंतवणूक करणाऱ्या एका संस्थेचा. आमच्या तलावाचं पाणी डिझेलच्या बॉयलरवर तापतं. बॉयलर म्हातारा झालेला, त्याचा धूर मागच्या गल्लीत कोंडून राहायचा, आणि नगरपालिकेने सांगून टाकलं होतं, छपरावर सौर पॅनेल बसली नाहीत तर यंदा थंडीत तलाव बंद. माझ्या पोरी तेव्हाच तर स्पर्धेची तयारी करतात. पण त्याच संस्थेकडे नगरपालिकेच्याच बस डेपोनेही अर्ज केला होता, विजेवरच्या बससाठी. दोघांपैकी एकालाच पैसे मिळणार होते. गंमत अशी, की त्या डेपोत माझे बाबा ड्रायव्हर आहेत.

तो रोज यायला लागला. छपरावर त्याची पावलं वाजली, की माझं लक्ष उडायचं. एकदा धाकटी विद्यार्थिनी पाण्यातूनच म्हणाली, "ताई, तुम्ही आत्ता मोजताना सातनंतर परत चार म्हणालात."

"पाय मार तू," मी म्हटलं, आणि कान तापले.

काम संपलं की तो पायरीवर बसून चहा प्यायचा. मी काहीतरी आवरत राहायची — जे आधीच आवरलेलं असायचं.

"आज ऊन मोजलंत?"

"मोजलं. तुमच्या छपरावर फार छान पडतं."

"आणि ढग आले तर?"

"तर थांबावं लागतं." त्याने कपातून वर पाहिलं. "मला इथे थांबायला आवडतं... ढग नसतानाही."

मी फ्लोटचा ढीग पाडला आणि पुन्हा रचला.

मग तो यायचाच थांबला. छपरावर नुसती कबुतरं. मला एका जागी बसवेना. घरी जेवताना उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. बाबा ताटावरून बघायचे आणि खोकायचे. डेपोतल्या धुराने त्यांचा खोकला वर्षभर जात नाही.

"काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग शोधतेस काय?"

एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो आला. शिडीकडे गेलाच नाही, प्रेक्षकांच्या बाकावर बसला. मी ओल्या केसांनीच समोर जाऊन उभी राहिले.

"हे काम आता माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "मीच सोडलं. उद्या नगरपालिकेच्या सभेत आमच्या वरिष्ठ बाई निर्णय सांगतील."

"का सोडलंत?"

"तुमच्या छपराच्या तुळया आतून गंजल्यात. पॅनेलचं वजन त्यांना पेलणार नाही. मला पहिल्या आठवड्यातच शंका आली होती." तो बोटं एकमेकांत अडकवत होता. "तरी मी परत परत वर जात राहिलो. कुठे जाड पत्रा दिसेल, कुठून मार्ग निघेल... शेवटी मी आकडे जरा ओढूनताणून बघायला लागलो. तुमच्या बाजूने. त्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगितलं, हे माझ्याकडून काढून घ्या."

"का ओढत होतात आकडे?"

"विचारताय काय... माहीत आहे तुम्हाला."

माहीत होतं. आणि त्याच क्षणी इतका राग आला, की काय करू कळेना.

"म्हणजे तलाव बंद होणार," मी म्हटलं. "आणि हे असं सांगताय, की मला तुमच्यावर धड चिडताही येऊ नये."

"चिडा ना. पण खाली पोरी असताना ते छप्पर कोसळलं असतं तर?"

मी पाठ फिरवून पाण्यात उडी मारली. दमेपर्यंत पोहत राहिले. वर आले तेव्हा बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सभेला निघताना बाबा म्हणाले, "तुझ्या मनात असेल ते बोल. माझ्याकडे बघत बसू नकोस."

सभागृह गच्च भरलं होतं. वरिष्ठ बाईंनी शांतपणे सांगितलं — डेपो. मागून डेपोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पोरींच्या आया माझ्याकडे वळल्या. मी उठले. रात्रभर घोकलेलं भाषण तोंडाशी आलं, आणि दाराजवळ तो उभा दिसला. माझ्याकडे बघायचीही त्याची हिंमत होत नव्हती.

"छप्पर खरंच गंजलंय," मी म्हटलं. "ते आधी दुरुस्त करा. थंडीत तलाव बंद राहील, ठीक आहे. पण शेजारच्या गावात गरम पाण्याचा तलाव आहे. नव्या बस येतायत ना? त्यातली एक सकाळी माझ्या पोरींना द्या. तिकडे नेईल, शाळेच्या वेळेला परत आणेल."

कुजबुज झाली. नगराध्यक्ष बाईंनी चष्मा काढून पुसला. दुरुस्तीला 'बघू' म्हणाल्या, बसला 'देऊ'. पहिल्या रांगेतून बाबा उठले. "सकाळची पाळी मी घेतो," म्हणाले आणि खोकत खाली बसले.

सभा सुटल्यावर तो पायऱ्यांवर होता. रस्ता ओला होता, वाऱ्याने झाडं पाणी झाडत होती.

"मी अजून चिडलेली आहे," मी म्हटलं.

"दिसतंय."

"आणि तुम्ही यायचे बंद झालात तेव्हा मला जेवण गेलं नाही. हेही सांगून ठेवते."

त्याने मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाला, "मी तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत येऊन परत जायचो. रोज. काय म्हणून येऊ... काही कारणच उरलं नव्हतं."

"आता?"

"आताही नाही. एवढंच, की तुम्ही दिसला नाहीत की दिवस सरत नाही."

मागून बाबांनी छत्री उघडल्याचा आवाज आला. त्यांनी एकदा त्याला आपादमस्तक न्याहाळलं, एकदा मला. "मी पुढे होतो," ते म्हणाले. "तुम्ही या सावकाश."

ते वळणापलीकडे गेले. तलाव डोक्यातून जात नव्हता, उद्या पोरींना काय सांगायचं तेही ठरलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याचा हात धरला.

"चल," मी म्हटलं, "घरापर्यंत सोड मला. आणि यापुढे गल्लीच्या टोकावरून परत जाऊ नकोस."