इम्माचा वाटा

दुपारचं जेवण आटोपलं की उरलंसुरलं फाटकावर नेऊन द्यायचं, हे गेरलिंडचं काम होतं. मठाच्या फाटकाला कमरेएवढ्या उंचीवर एक लहान खिडकी होती, जेमतेम दोन हात आत येतील एवढी. घेणाऱ्याचं तोंड दिसू नये, त्याला शरम वाटू नये, म्हणून कोण्या जुन्या मदरने ती तशी करून घेतली होती. बाहेरून कोणी ठोठावलं की गेरलिंड म्हणायची, "देवाचे आभार." बाहेरून "आमेन" आलं की ती खिडकी उघडून वाडगा फळीवर ठेवायची. मग हात आत यायचे, वाडगा आपल्या भांड्यात रिकामा करायचे आणि परत ठेवायचे. त्यामुळे गावातल्या गरिबांना ती तोंडावरून नाही, हातांवरून ओळखायची. होडीवाल्याच्या विधवेच्या हातांना माशांचा वास यायचा. लंगड्या गोडोच्या नखांत कोळसा असायचा.

त्या हिवाळ्यात, संत मार्टिनचा सण होऊन थोडेच दिवस झाले असतील, इम्मा गेली.

मठातली कोणी गेली की महिनाभर तिची जेवणाची जागा मोडायची नाही, अशी रीत होती. तिचा वाडगा मांडायचा, शेजारी लाकडाचा छोटा क्रूस ठेवायचा, आणि वाढणारीने इतरांसारखंच तिलाही वाढायचं. जेवणं झाली की तो वाटा फाटकावर जो पहिला येईल त्याला द्यायचा. तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही. त्याच्या पोटात गेलेला घास मेलेलीला वाटेत पुरतो, आणि महिना सरला की तिला इथलं काही लागत नाही, असं सगळ्या मानत.

इम्माची जागा गेरलिंडच्या शेजारी होती. आता तिथे क्रूस होता.

इम्मा गिरणीवाल्याची मुलगी, म्हणून मठात तिच्याकडे पाव भाजायचं काम. तिच्या कपड्यांना नेहमी आंबवलेल्या पिठाचा वास यायचा. लहानपणी बापाच्या गिरणीत तिचा उजवा अंगठा गेला होता. कणीक मळताना तिचं त्यावाचून काही अडत नसे. अडायचं ते जेवताना.

कारण जेवताना बोलायचं नाही. एकीने वर उभं राहून संतांच्या कथा वाचायच्या, बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायच्या. काही हवं असेल तर उजव्या हाताने खूण करायची, डावा हात मांडीवर. मूठ पुढे धरली की 'आणखी वाढ.' त्याच मुठीवर अंगठा उभा केला की 'पुरे.' आता इम्माला अंगठाच नाही. ती बिचारी मुठीनेच 'पुरे, पुरे' म्हणायची, आणि विल्ट्रूड वाढायला असली की पळीवर पळी कढण ओतत राहायची. मठात वाढलेलं टाकायचं नाही, म्हणून इम्मा डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायची. शेजारी गेरलिंडला हसू आवरत नसे, आणि हसल्याबद्दल तिला गुडघ्यांवर बसायची शिक्षा व्हायची.

"खा की," बोलायची मुभा असलेल्या वेळात विल्ट्रूड म्हणायची. "मागतेस कशाला मग?"

"मी मागत नव्हते गं बाई. पुरे म्हणत होते."

"मग नीट म्हण."

"नवा अंगठा आण, नीट म्हणते."

शेवटी गेरलिंडनेच तोड काढली. विल्ट्रूड जवळ आली की ती इम्माच्या डोळ्यांकडे बघायची. मूठ तीच असली तरी डोळ्यांवरून कळायचं. पुरे असेल तर ती आपला हात हळूच इम्माच्या वाडग्यावर ठेवायची. मग पळी पुढे जायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं.

इम्मा गेल्यावर तिचा वाटा आधी विधवेने नेला, मग गोडोने, मग कोणी वाटसरू आले. एका दुपारी मास नदीवरून धुकं चढलं. इतकं दाट, की फाटकातून मठाची घंटा दिसेना. आवाजही जवळचे लांब गेल्यासारखे वाटत होते. तेवढ्यात ठोठावल्याचा आवाज आला, अगदी हलका.

"देवाचे आभार," गेरलिंड म्हणाली.

आमेन आलं नाही. तिने थोडी वाट पाहिली आणि खिडकी उघडली. ओल्या लोकरीचा वास आत आला. त्याच्यामागून दुसरा एक वास, आंबवलेल्या पिठाचा. धुक्यातून दोन हात आत आले, राखाडी फडक्यात गुंडाळलेले. त्यांनी वाडगा रिकामा करून फळीवर ठेवला. डावा हात मागे गेला. उजवा तिथेच राहिला. त्याची मूठ वळली आणि पुढे झाली.

आणखी वाढ.

मठाच्या खुणा मठाबाहेर कोणाला ठाऊक असणार... मुठीवरचं फडकं ओलं होतं, ते जरा सरकलं. अंगठ्याच्या जागी जुनी, गुळगुळीत कातडी होती. तिच्यावर पिठाचा पांढरा माग.

"इम्मा?"

मूठ हलली नाही.

भीतीने गेरलिंडच्या मानेवर काटा आला. पण त्या भीतीच्या आत कुठेतरी इतका आनंद होता, की तिने आपल्या बाहीत संध्याकाळसाठी ठेवलेला पाव काढला आणि त्या हातावर ठेवला. हात धुक्यात गेला.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. गेरलिंड खिडकीशी वाकून हळू आवाजात बोलत बसायची. नव्या पाववालीने पाव कसे जाळले, मदर हाडविगचा गुडघा कसा धरलाय, विल्ट्रूड प्रार्थनेत कशी घोरली. पलीकडून शब्द यायचा नाही. फक्त शेवटी मूठ पुढे यायची, आणि गेरलिंड आपला पाव द्यायची.

महिना सरला. मदर हाडविगने सगळ्यांसमोर क्रूस उचलला, इम्माचा वाडगा पालथा घातला आणि म्हणाली, "तिचं इथलं जेवण झालं. आता तिला जाऊ द्या." म्हणताना ती गेरलिंडकडे बघत होती. मग दार ओलांडताना थांबून हळूच म्हणाली, "पोरी, मेलेलं माणूस आपल्या पावावर राहायला लागलं, तर ते पुढे जात नाही. वाटेतच राहतं. थंडीत."

"हो, मदर," गेरलिंड म्हणाली.

आणि दुपारी तिने आपला सगळा वाटा फाटकावर नेला.

ती आली. दुसऱ्या दिवशीही आली. गेरलिंडने आता जेवण जवळजवळ सोडलंच होतं. घास तोंडात धरल्यासारखं करायचं आणि बाहीत सारायचा. इम्माचा हात मात्र बदलत चालला होता. नखं निळी पडली होती. फडक्यातून पाणी ठिबकायचं आणि फळीवर त्याचं बर्फ व्हायचं. मूठ वळताना बोटं थरथरायची. भूक लागली असेल, गेरलिंडला वाटायचं, महिन्याचा वाटा बंद झाला ना. म्हणून ती आणखी द्यायची.

"गालफडं बघ जरा आपली," विल्ट्रूड एकदा चुलीपाशी म्हणाली. "तुला वाढते ते जातं तरी कुठे? उंदीर पाळलेस की काय?"

"खाते मी."

"खातेस, हो." विल्ट्रूडने लाकूड आत सारलं. "मला ती इम्मा आठवते गं. मी मुद्दाम ओतायचे, माहितेय? मला कळायचं ती पुरे म्हणतेय. पण तिची ती मूठ पुढे आली की गंमत वाटायची... बिचारी रडत रडत खायची. आता वाईट वाटतं."

चुलीपाशी असूनही गेरलिंडच्या हातापायांतली ऊब गेली.

सकाळी ती फाटकाकडे गेली. एरवी ते दार ती मोठ्या गाड्यांसाठीच उघडायची. तिने आज अडसर काढला. रात्री बर्फ पडून थांबलं होतं. खिडकीच्या खाली, भिंतीला लागून, पाव रचून ठेवले होते. एकावर एक, नीट, इम्मा भट्टीतून काढून रचायची तसे. महिना सरल्यापासून दिलेला एकूण एक पाव तिथे होता, दगडासारखा गोठलेला. एकालाही दात लागला नव्हता. भिंतीवर कावळे बसले होते. ते पावांकडे बघत होते, पण खाली उतरत नव्हते.

गेरलिंड तिथेच बर्फात बसली. इतकी वर्षं त्या मुठीचा अर्थ तिला अचूक कळायचा. डोळे दिसायचे म्हणून कळायचा. आणि खिडकीतून डोळे दिसत नव्हते, तर तिने आपल्याला हवा तो अर्थ लावला होता. इम्मा रोज एवढ्या थंडीत येऊन तेच सांगत होती. पुरे... पुरे... आणि ती विल्ट्रूडसारखी ओतत राहिली होती.

दुपारी पुन्हा धुकं आलं. गेरलिंड खिडकीशी उभी राहिली. बाहीत पाव होता. सवयीने घेतला होता, की मुद्दाम, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. हलकं ठोठावणं ऐकू आलं.

"देवाचे आभार," ती म्हणाली.

तिने खिडकी उघडली, रिकामा वाडगा फळीवर ठेवला. मूठ आत आली. बोटं काळीनिळी, त्यांवर बर्फाचे कण. गेरलिंडचा हात बाहीतल्या पावाकडे गेला. हा एक पाव दिला, तर उद्याही ती येईल. परवाही येईल. सगळा हिवाळा येईल. तिने डोळे घट्ट मिटले, पाव होता तिथेच राहू दिला आणि आपला हात वाडग्यावर ठेवला. जेवताना ठेवायची तसाच.

"कळलं मला," ती म्हणाली. "उशिरा कळलं गं. जा तू आता."

बराच वेळ काही झालं नाही. नदीचं पाणी वाजत होतं तेवढंच. मग ती मूठ उघडली. गेरलिंडच्या हातावर चार बोटं टेकली. थंड असतील म्हणून गेरलिंड आक्रसली, पण बोटं थंड नव्हती. नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखी ऊबदार होती. मग ती नव्हतीच.

गेरलिंड खिडकीशी खूप रडली. मग तिने बाहीतला पाव काढला आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. बाहेर कावळे भिंतीवरून खाली उतरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली होती. वालांच्या कढणाचा वास येत होता. वाढायला विल्ट्रूड होती. ती पळी घेऊन ओळीने पुढे आली, गेरलिंडपाशी थांबली, तिच्या वाडग्याकडे बघितलं आणि पळी तशीच उचलून पुढे गेली.

बोलता येत नव्हतं. गेरलिंड रिकाम्या वाडग्यासमोर जेवण संपेपर्यंत बसून राहिली.

"काय गं," संध्याकाळी चुलीपाशी तिने विचारलं, "सगळ्यांना वाढलंस, मला का नाही?"

"आता हिचं ऐका. वाडग्यावर हात कोणी ठेवला होता? मी?"

"माझे हात मांडीवर होते."

"थट्टा नको करूस. मी काय आंधळी आहे?" विल्ट्रूड हसली, मग तिचं हसू कमी झालं. "चांगला पालथा हात होता वाडग्यावर, बोटांना पीठ लागलेलं. मला वाटलं, तुला तिची आठवण आली असेल. म्हणून अंगठा आत मुडपून घेतला असशील."