दुसरा मसुदा

"मी सही करणार नाही," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

भाऊजींनी वही उघडली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते आपल्या वहिनींच्या तपासांची टिपणं ठेवत. वहिनींनी वीस वर्षं विम्याच्या दाव्यांची चौकशी केली होती. आता त्या खासगी तपास करत, आणि भाऊजींचं ऐकून सगळं गावच त्यांना वहिनी म्हणायला लागलं होतं.

"कशावर सही?" वहिनींनी विचारलं.

"माफीनाम्यावर. मॅडमनी तयारच करून ठेवलाय."

ती विद्यापीठात पदव्युत्तर शिकत होती. विद्यापीठ दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग भरवायचं. ज्यांच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशी चाळीस मुलं तिथंच राहून तयारी करत. त्यांना शिकवायला आणि सांभाळायला हिच्यासह चार विद्यार्थी सहायक म्हणून नेमलेले. मुलं त्यांना ताई-दादा म्हणत. ही निबंधाची ताई. शेवटच्या निबंधावर थेट प्रवेश मिळायचा, आणि हिच्याच एका विद्यार्थिनीचा निबंध पहिला आला होता.

"मग निनावी पत्र आलं, की तो मीच लिहून दिला. आमच्याकडे प्रत्येक मसुदा फाइलला लावून ठेवायचा नियम आहे. फाइल काढली, तर तिचे दोन्ही कच्चे मसुदे गायब. मॅडम म्हणतात, चारपर्यंत सही कर, प्रकरण मिटेल. मिटेल म्हणजे काय, तर पोरीची जागा जाईल."

"आणि सही नाही केलीत तर?"

"मला काढतील. माझा प्रबंधही मॅडमच्याच हाताखाली आहे. पाण्यात राहून माशाशी वैर, ठाऊक आहे मला. पण जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही."

"पत्रात काय आहे?"

"मला दाखवलंच नाही."

भाऊजींना तिचा ताठा आवडला. पण चोराच्या उलट्या बोंबाही अशाच असतात, असंही त्यांच्या मनात आलं, आणि तसं त्यांनी वहीत बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

मॅडम या वर्गाच्या प्रमुख. त्यांनी पत्र नाइलाजानंच पुढं केलं. छापील कागद, खाली सही नाही.

'निबंध विद्यार्थिनीचा नाही. परिच्छेद ११ पाहावा: "आई रुग्णालयात रोज दोनशे चादरींच्या घड्या घालते, पण घरातली चादर मुद्दाम विस्कटलेली ठेवते, घडी घातलेली चादर म्हणजे कुणीतरी गेलेलं, असं ती म्हणते." सतरा वर्षांच्या मुलीची ही भाषा नव्हे.'

"वाचलंत ना वाक्य?" मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी हीच मुलगी साधा अर्ज भरताना तीन ठिकाणी चुकली होती."

"निबंध तुम्ही वाचलात?"

"परीक्षकांनी वाचला."

वहिनींनी निबंधाची प्रत मागून घेतली आणि भाऊजींच्या हातात दिली. दोन पानं होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात वाफेत उभी असलेली आई, तिचे भाजलेले हात. भाऊजींनी खिडकीशी उभं राहून वाचलं आणि चष्मा पुसला.

"कसा आहे?"

"डोळ्यांत पाणी आलं, वहिनी."

"ते येऊ दे. परिच्छेद किती?"

"नऊ," भाऊजींनी मोजून सांगितलं. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

सहायकांच्या खोलीत फाइलींचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली शेजारच्या खिळ्याला. चौघांपैकी कुणीही ती घ्यावी. भिंतीवर ड्यूटीचा तक्ता टांगलेला. वहिनींनी तिघांना एकेक करून दोनच प्रश्न विचारले: मसुदे जपायचा नियम कुठं आहे, आणि हा निबंध पाहिलात का?

"नियमपुस्तिका, पान सात, तळाशी," वाचनाचा तास घेणारी इतिहासाची ताई मान वर न करता म्हणाली. "निबंध नाही पाहिला. पोरगी हुशार आहे, पण कुणाला जुमानत नाही."

"असेल कुठंतरी," गणिताचा दादा म्हणाला. "पुस्तिकेत जिन्याची आकृती आहे ना, तिच्या आसपास. निबंध? छे. निबंधाच्या ताईंचं नि माझं पटत नाही. माझा भरलेला फळा पुसून टाकतात." भाऊजींनी हे दोनदा अधोरेखित केलं.

वसतिगृहाचा दादा कायदा शिकत होता. शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मऊ. त्यानं आधी दोघांना खुर्च्या दिल्या. "परिच्छेद एकोणीस. आणि निबंध म्हणाल, तर मसुदा नाही की पक्का नाही, मी काहीच पाहिलेलं नाही. माझं काम वसतिगृहाचं." भाऊजींना सगळ्यांत सभ्य तोच वाटला.

वहिनींनी पुस्तिका चाळली. मजकूर सलग होता. आकडे होते ते फक्त पानांना.

ती पोरगी जिन्यात बसली होती.

"मॅडम म्हणाल्या, माझ्यासमोर बसून पुन्हा लिही. मी नाही म्हटलं."

"का गं?"

"कागद माझे चोरीला गेले. मग परीक्षा माझीच का?"

वहिनी तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "दुसरा मसुदा केवढा होता?"

"चौदा परिच्छेद. ताई म्हणाल्या, दोन पानांत बसव. मग पाच मीच काढले. चार आईचे, आणि एक रविवार दुपारचा. खोलीतली मैत्रीण नि मी, आम्ही दोघी लिफ्टमध्ये अडकलो होतो. पाऊण तास ओरडलो, पण ड्यूटीवर कुणी नव्हतंच. शेवटी लिफ्ट आपोआप सुरू झाली. ताई म्हणाल्या, हे निबंधात नको, याची वेगळी तक्रार लिही."

"लिहिलीस?"

"आज लिहिणार होते. ताई सोडून कुणाला सांगितलेलंही नाही."

वहिनी परत वर जाऊन तक्ता बघून आल्या. रविवार, दोन ते सहा. त्या चौकटीत वसतिगृहाच्या दादाची झोकदार सही होती.

चार वाजता सगळे मॅडमच्या खोलीत जमले. टेबलावर माफीनामा आणि त्यावर पेन. निबंधाची ताई हाताची घडी घालून उभी होती.

"पत्र लिहिणाऱ्यानं आपल्यावर एक मेहरबानी केली," वहिनी म्हणाल्या. "त्यानं संदर्भ दिला. फार शिकलेल्या माणसाचं असंच होतं. वाक्य उचललं की ते कुठलं हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, मग पत्र निनावी का असेना. मॅडम, निबंधातला अकरावा परिच्छेद वाचता जरा?"

मॅडमनी निबंध ओढला, बोट खाली खाली नेलं आणि थांबल्या. "नऊच आहेत."

"आणि ते वाक्य?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. नऊ त्यांनीच मोजले होते.

"ते वाक्य दुसऱ्या मसुद्यात होतं. म्हणजे पत्र लिहिताना चोराच्या पुढ्यात तो मसुदा होता, पक्का निबंध नव्हता. ताईला वाक्य काढल्याचं ठाऊक होतं, आणि स्वतःविरुद्ध पत्र कोण लिहितं? उरले तिघं. तिघांना मी एकच नियम विचारला. इतिहासाच्या ताईंनी पान सांगितलं, गणिताच्या दादांनी आकृती. यांनी सांगितलं, परिच्छेद एकोणीस. पुस्तिकेत परिच्छेदांना आकडे नाहीत. मी मोजले, तो बरोबर एकोणिसावाच निघाला. कोर्टाच्या निकालपत्रांत संदर्भ परिच्छेदाच्या आकड्यानंच देतात; ती वाचून वाचून कायद्याच्या विद्यार्थ्याला परिच्छेद मोजायची खोड लागते. पोरीच्या मसुद्यातही आकडे नव्हते, तरी कुणीतरी अकरा मोजले."

वसतिगृहाचा दादा हसला. "मोजणं हा गुन्हा नाही. त्या मुलीचं वाईट करून मला काय मिळणार?"

"त्याच मसुद्यात रविवारचाही एक परिच्छेद होता."

"लिफ्ट बंद पडली त्यात माझा काय दोष?"

भाऊजींनी वहीची मागची पानं उलटली. "लिफ्टचं नाव वहिनींनी काढलंच नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "ते फक्त त्या दोघींना, ताईंना आणि कागदाला ठाऊक होतं. आणि तुम्ही तर कागद पाहिलाच नव्हता."

दादाचं हसू मावळलं. रविवारी तो ड्यूटीवर सही ठोकून नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. खोटी सही उघडी पडली असती, तर वकिलीच्या सनदेला लागणारा चारित्र्याचा दाखला गेला असता. कपाटात दुसरंच काही शोधताना रविवारचा तो परिच्छेद त्याच्या नजरेला पडला होता. मसुदे त्याच्या बॅगेत होते.

"नुसते कागद चोरून भागलं नसतं," वहिनी म्हणाल्या. "ते शोधले गेले असते. म्हणून यानं आधीच ताईकडे बोट दाखवलं, आणि पोरीचा शब्दही खोटा पाडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, मॅडम. पत्र तुम्ही वाचलंत, निबंध नाही वाचलात."

मॅडमनी पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या पोरीकडे वळल्या. "इतकं सुंदर वाक्य. काढलंस कशाला?"

"ते आईचं आहे. तिला न विचारता कसं देऊ?"

निबंधाच्या ताईचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. मॅडमनी माफीनामा उचलला, फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका, मॅडम," ताई म्हणाली.

"का?"

"फाइलला लावा. इथं प्रत्येक मसुदा जपायचा नियम आहे."

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. पोरीनं टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि त्यांच्यापुढं धरला.