दिलकुमारीची लेक

चहाची किटली घेऊन दिलकुमारी दिवाणखान्याच्या उंबऱ्यापाशी आली आणि तिथेच थबकली... शेकोटीजवळच्या खुर्चीत तिची थोरली जाऊ बसली होती, आणि तिच्या शेजारी, दिवस भरत आलेली, ती... बिनिता!

कर्सियांगच्या धुक्यातला हा जुना साहेबी बंगला आता पाहुण्यांना भाड्याने देत. दिलकुमारी तिथे स्वयंपाक करी आणि मागच्या खोल्यांत राही. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पाठोपाठ क्षयाने गाठलं, तेव्हा टेकडीवरच्या रुग्णालयात जाण्यापूर्वी तिने आपली अंगावर पिणारी लेक सिलिगुडीच्या निपुत्रिक जावेच्या ओटीत घातली होती. बिनिता तिलाच आमा म्हणत वाढली, आणि जन्मदाती राहिली नुसती पहाडावरची काकी... दशैंच्या सणाला मिठाई पाठवणारी, स्वतः कधीच न येणारी.

"हिला सगळं सांगितलं मी," जाऊ म्हणाली. "आता माझ्याने लपवणं होईना."

बिनिता उठून उभी राहिली. "तू बरी झालीस ना? मग मला न्यायला का नाही आलीस?"

"आले होते गं..." दिलकुमारी म्हणाली. "तू अंगणात खेळताना पडलीस. गुडघा फुटला. आमा, आमा म्हणून टाहो फोडलास. माझे हात आपसूक पुढे झाले... पण तू माझ्या शेजारून धावत आत गेलीस, हिच्याकडे. मग मी तशीच परत फिरले."

"अगं, मला हाक तरी मारायचीस," जाऊ म्हणाली.

"मारली असती, दीदी, तर काळजावर दगड ठेवून तू पोर माझ्या हवाली केली असतीस. म्हणूनच नाही मारली."

जावेने शालीत तोंड लपवलं. बिनिताने पुढे होऊन दिलकुमारीच्या हातातली किटली काढून घेतली.

"आमा मी हिलाच म्हणणार," ती हळूच म्हणाली.

दिलकुमारीने मान डोलावली. याहून वेगळं तिने देवाजवळही कधी मागितलं नव्हतं.

"पण पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? माझं सामान बाहेर टॅक्सीत आहे. उतरवू का, तेवढं सांग."



"तिला काय विचारतेस?" डोळे पुसत जाऊच म्हणाली. "उतरव. माझीही पिशवी घे त्यातली. हिला एकटीला तुझं पथ्यपाणी झेपायचं नाही."

पण तोवर दिलकुमारी अनवाणीच धुक्यात, टॅक्सीच्या दिशेने धावत सुटली होती.