पश्चात आत्या

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण ही ज्याच्या बाबतीत घडली त्याला थाप मारता येत नाही. विनोद तर त्याला समजावूनही कळत नाही.

तो माझा साडू. आम्ही दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे. तो वजनमाप खात्यातला निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडला. आमच्याकडे जेवायला आला तरी साखरेच्या पुड्याकडे संशयानं बघायचा. असा माणूस माझ्यासमोर बसून हे सांगत होता.

रात्रीबित्रीची गोष्ट नाही, माफ करा. भर दुपारची आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीतली. वर ट्यूबलाइट चालू, बाहेर शिपाई शिंकतोय, अशा ठिकाणची.

साडूला एकच मुलगी. लग्न झालेली. जिना चढताना तिला धाप लागायला लागली म्हणून तपासलं, तर हृदयाची झडप बिघडलेली निघाली. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी साडूला विचारलं, "तुमच्या घरात आधी कोणाला असं काही?"

"छे. आमच्याकडे सगळे वयानंच गेले."

"कितव्या वर्षी?"

"चाळिशी-पन्नाशीत."

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "कोण कशानं गेलं, नीट शोधून आणा. भूल देण्याआधी मला माहीत पाहिजे."

झालं. साडूला काम मिळालं. मुलीच्या उशाशी नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं.

आधी तो मृत्यूनोंदणीच्या कचेरीत गेला. पणजोबा, आजोबा, चुलते, वडील, सगळ्यांचे उतारे काढले. कारण एकच. हृदय.

त्याचं काम तिथंच संपलं होतं. पण तपासनीसाची जात. उतारा हातात आला की शेवटच्या रकान्यापर्यंत वाचणार.

शेवटचा रकाना होता, खबर देणाऱ्याचं मयताशी नातं.

पणजोबांपुढे लिहिलं होतं... आत्या.

आजोबांपुढे... आत्या.

चुलत्यांपुढे, वडलांपुढे... आत्या.

साडूला आत्या नाही. त्याच्या वडलांना नव्हती. आजोबांनाही नव्हती. त्या घराण्यात मुलगी जन्मली ती थेट साडूचीच. शिवाय पन्नाशीच्या माणसाच्या मरणाची खबर द्यायला त्याची आत्या एकटी चालत येते, आणि पुढच्या पिढीच्या वेळी पुन्हा येते, याचं एकाही कारकुनाला नवल वाटलं नाही. कारकुनाला नवल वाटायला लागलं तर कचेऱ्या बंद पडतील, हे मान्य. तरीपण.

"ही बाई कोण?" साडूनं खिडकीवर विचारलं.

"तुमची आत्या, आणि मला विचारता?" कारकून म्हणाला. "पुढचे या."

म्हणून साडू वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. निधनवार्तेत सगळ्या नातेवाइकांचा पाढा असतो. तिथं तरी पत्ता लागेल.

जुन्या अंकांची खोली मागच्या बाजूला होती. लांबलचक टेबल, बांधीव अंकांचे गठ्ठे, आणि त्यांच्यामुळे टेबलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. साडूनं पणजोबांचं साल काढलं आणि पानं उलटायला लागला.

टेबलाच्या त्या टोकालाही कोणीतरी पानं उलटत होतं.

असेल कोणी. आपल्यासारखंच.

पणजोबा सापडले. चार ओळी. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे व आत्या असा परिवार आहे.’

आजोबा सापडले. ‘...व आत्या असा परिवार आहे.’

साडू थांबला. पलीकडचा आवाजही थांबला.

त्यानं पान उलटलं. पलीकडे पान उलटलं... पण त्याच्या आधी. किंचितच आधी. जणू कोणतं पान उलटायचं ते तिकडे ठरत होतं.

"कोण आहे?" साडूनं विचारलं.

पलीकडे आणखी एक पान उलटलं.

वडलांची निधनवार्ता त्यानं स्वतः दिली होती. स्वतःच्या हातानं लिहून, तपासून. त्यात आत्या नव्हती. शपथेवर सांगायला तयार होता तो. आता छापलेली पाहिली.

‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक नात व आत्या असा परिवार आहे.’

छापून आली त्या दिवशी घरात कोणी वाचलीच नव्हती. घरात मयत असताना छापलेलं कोण तपासतो?

साडू उठला. गठ्ठ्यांना वळसा घालून टेबलाच्या त्या टोकाला गेला.

खुर्ची होती. रिकामी.

समोर अंक नव्हता. टेबलावर काहीच नव्हतं. नुसता जाड धुळीचा थर... त्यावर बोटाचाही ठसा नव्हता.

साडू तडक बाहेर आला. बाहेर जाहिरातींची खिडकी. खिडकीमागे कानाला पेन लावलेले एक गृहस्थ. त्यांनी साडूला हाक मारली.

"ओ साहेब! जुने अंक चाळत होता ते तुम्हीच ना? या, या. तुमचीच वाट बघतोय."

"माझी?"

"तुमच्या आत्या येऊन गेल्या की आत्ता. निधनवार्ता देऊन गेल्या. म्हणाल्या, भाचा आत बसलाय, त्याच्याकडून मजकूर तपासून घ्या." गृहस्थांनी कागद पुढे ओढला. "फार गोड बाई हो. मला म्हणाल्या, बाळ, जेवलास का?"



"कोणाची... निधनवार्ता?"

"नाव अजून दिलेलं नाही. दिवस पक्का झाला की सांगते म्हणाल्या. बाकीचा मजकूर तयार ठेवा म्हणे. वाचू?"

आणि साडू नको म्हणायच्या आत त्यांनी वाचलं. बातम्या वाचतात त्या आवाजात.

"‘अल्पशा आजाराने निधन झाले. पश्चात आई, वडील, पती, काका व आत्या असा परिवार आहे.’ बरोबर?"

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

साडूच्या घरात माणसं मोजून तेवढीच. तो, त्याची बायको, जावई आणि धाकटा भाऊ. यादीत सगळे होते. आई होती, वडील होते, नवरा होता, काका होता.

जी नव्हती ती एकच.

"रद्द करा," साडू म्हणाला.

"ज्यानं दिली त्यालाच रद्द करता येते साहेब. नियम आहे."

"अहो, माझी मुलगी जिवंत आहे!"

"असणारच. म्हणून तर नाव टाकलेलं नाही."

"मी तक्रार करीन. मी सरकारी निरीक्षक होतो!"

"करा की. फॉर्म देऊ?"

साडूनं खिडकीची सळई धरली. हे सांगताना मला म्हणाला, "मी जन्मभर खोटी मापं पकडली. पण समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता. कागद खोटा नव्हता. पकडायचं कोणाला?"

मागे रांग लागली होती. कोणाला जुना फ्रिज विकायचा होता. तो म्हणाला, "आजोबा, घरचं भांडण घरी मिटवा ना!"

गृहस्थांना बहुतेक कीव आली. हळू आवाजात म्हणाले, "रद्द नाही करता येत. पण मजकुरात दुरुस्ती घरचं कोणीही करू शकतं. एखादं नातं राहिलं असेल, चुकून जास्तीचं पडलं असेल. तेवढं सांगा."

साडू कागदाकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "वडील काढा."

"का? वडील नाहीत?"

"नाहीत."

"आधीच गेले?"

"हो," आयुष्यात कधी थाप न मारलेला माणूस म्हणाला. "गेले ते."

गृहस्थांनी कानावरचं पेन काढलं आणि एक रेघ मारली.

जुन्या अंकांच्या खोलीतून, त्या बंद दाराआडून, पान उलटल्याचा आवाज आला.

शस्त्रक्रिया झाली. साडू बाहेरच्या बाकावर बसून होता. मध्येच उठून त्यानं जाहिरातीच्या खिडकीला फोन लावला. गृहस्थ खुशीत होते. "अहो, तुमच्या आत्या सकाळीच आल्या होत्या. कागद वाचला, म्हणाल्या, हा बदल मला चालेल. आणि जाहिरात रद्द करून गेल्या. कमाल आहे बुवा तुमच्या घराण्याची."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. हसत होते. सगळं उत्तम झालं होतं.

संध्याकाळी मुलीनं डोळे उघडले. पलंगाभोवती सगळे उभे. तिनं आईकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. काकाला म्हणाली, "तू पण रडलास?" सगळे हसले.

मग तिची नजर साडूवरून गेली... भिंतीवरून जावी तशी.

"बाबा नाही आले?"

"अगं, मी इथंच आहे!"

"फोन केला का त्यांना कोणी?"

नर्स म्हणाली, भूल उतरतेय अजून. आणि खरंच, थोड्या वेळानं मुलगी दचकून म्हणाली, "अरे, बाबा! कधी आलात?"

भूलच होती. सगळ्यांनी तसं ठरवलं.

पण भूल उतरेना.

पुढच्या आठवड्यात तो तिच्याशी बोलत बसला होता, तर ती मध्येच उठून दिवा घालवून निघून गेली. खोलीत कोणी नसल्यासारखी. मग बायको ताट मांडायला विसरायला लागली. पेन्शनच्या बँकेत टोकन हातात असताना त्याच्या पुढचा आणि मागचा आकडा पुकारला गेला. फेरीवाल्यानं त्याच्या अंगावरून गाडी न्यायची तेवढी बाकी ठेवली.

"दरवेळी लक्षात येतं त्यांच्या," साडू मला म्हणाला. "फक्त वेळ लागतो. हल्ली जरा जास्तच लागतो."

"काहीतरीच काय हो," मी म्हणालो. "वय झालं आपलं. मलाही घरात कोणी विचारत नाही."

तो हसला नाही. मी सांगितलंच, विनोद त्याला कळत नाही.

"परवा मुलीकडे गेलो होतो. तिनंच दार उघडलं. म्हणाली, कोण पाहिजे?"

"मग?"

"थांबलो थोडा वेळ. येईल लक्षात म्हणून." त्यानं खाली पाहिलं. "नाही आलं. तिला भीती वाटायला लागली, अनोळखी माणूस दारात असा उभा राहिला म्हणून. मग मी म्हटलं, माफ करा ताई, मजला चुकला माझा."

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"रंग चांगला आलाय तिच्या चेहऱ्यावर," साडू म्हणाला. "हातात भाजीची पिशवी होती, म्हणजे नुकतीच जिना चढून आली असणार. आणि धाप नव्हती. अजिबात नव्हती हो."

एवढं सांगून तो उठला. मी त्याला फाटकापर्यंत सोडलं. परत आलो आणि लगेच लिहायला बसलो. का ते मला सांगता येणार नाही. लिहून ठेवलं पाहिजे, लवकर लिहिलं पाहिजे, एवढंच वाटत होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. आज सकाळी हे कागद टेबलाच्या खणात सापडले. अक्षर माझं आहे. गोष्ट चांगली जमली आहे, असं वाटलं. फक्त एका ठिकाणी अडलो.

स्वयंपाकघरात गेलो. बायको शेंगा सोलत बसली होती. तिला म्हटलं, "अगं, तुझ्या बहिणीचा नवरा... वजनमाप खात्यात होता का गं?"

तिचे हात थांबले.

"ताईचा नवरा," ती म्हणाली. "ताईचा नवरा म्हणजे..."

मी अजून दारातच उभा आहे. शेंग तिच्या हातात तशीच आहे. ती अजून आठवून पाहते आहे.