उजव्या स्पीकरची तार

दोन काखांत दोन स्पीकर घेऊन तो दुकानाच्या दारात अडकला. आडवा होऊन पाहिलं, पाठमोरा होऊन पाहिलं, पण दार अरुंद आणि हट्ट रुंद. आत टेबलाशी सोल्डरिंग करत बसलेल्या तिने मान वर केली.

"एकेक करून आणता येतात की ते!"

"येतात," तो धापा टाकत म्हणाला, "पण दुसऱ्याला एकट्याला बाहेर कसं ठेवू?"

ती हसली. तिथेच सगळं बिघडलं.

दुकान तिच्या मामांचं. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, जे गायचं थांबेल ते इथे यायचं. मामा तिला ठिणगी म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या या नव्या गिऱ्हाइकाचं आल्यापासून तोंड मिटेना, म्हणून मामांनी त्याचं नाव पाचव्या मिनिटाला भोंगा ठेवून टाकलं.

स्पीकरची लाकडी खोकी घरी बनवलेली होती. मागच्या स्क्रूंवर खूण नाही, काही नाही. ठिणगीने बॅटरी लावून कुठला स्क्रू प्लसचा, कुठला मायनसचा ते ठरवलं, तारा जोडल्या आणि गाणं लावलं. छान वाजले.

"इथे वाजतात हो," भोंगा रडवेला झाला. "माझ्या खोलीत लावले की गाणारी बाई विहिरीत पडल्यासारखी वाटते. सगळंच बदलायला हवं... हळूहळू."

"बजेट किती?"

"खानावळीचे पैसे देऊन उरेल ते."

"आणि नाही दिले तर?"

"तर अ‍ॅम्प्लिफायर जरा बरा येईल. ऐकायला मी नसेन, एवढंच."

रविवारी ती त्याच्या खोलीवर गेली. तिसरा मजला, एक कॉट, एक टेबल, कपड्यांची दोरी आणि उरलेल्या जागेत ते दोन स्पीकर. त्याने गाणं लावलं आणि तिला दारातूनच कळलं. उजव्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघांच्या भांडणात गाणारीचा आवाज मधल्यामध्ये मरत होता. काम दोन मिनिटांचं. त्याचे कोणी पैसेही घेत नाही.

ती सांगणारच होती. तेवढ्यात तो चहा घेऊन आला. खोलीत कप एकच होता, तो त्याने तिला दिला आणि स्वतः डब्याच्या झाकणात घेतला.

"तुम्हाला... खूप वेळा यावं लागेल का?" त्याने विचारलं.

त्या आवाजात काळजी असती तर ती खरं बोलली असती. पण त्यात आशा होती.

"बघावं लागेल," ती म्हणाली.

मग रविवार ठरूनच गेले. पहिल्या रविवारी कुठल्याशा बांधकामावरून मागून आणलेल्या विटा स्पीकरखाली आल्या. दुसऱ्या रविवारी विटांवर जुन्या चपलांचे रबरी तुकडे आले, आणि 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं. समोरच्या भिंतीवर गोधडी टांगायची होती. तिने टोक धरलं, त्याने खिळ्यावर म्हणून अंगठ्यावर हातोडी मारली. तो अंगठा तिने गार पाण्याच्या तांब्यात धरून ठेवला. अंगठ्याची आग केव्हाच थांबली होती. दोघांपैकी कोणीच ते बोललं नाही.

"बरोबर ऐकू यायला दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसावं लागतं," तिने शिकवलं.

"मधोमध तर एकच माणूस मावेल."

"दोन मावतात."

"कसे?"

"...चिकटून बसले तर."

तो सरकला. तीही सरकली. विहिरीतली बाई गात राहिली.

पहिल्या दिवशी ती गप्प बसली, ती चूक म्हणू. पण तिसऱ्या रविवारी त्याने जाड तार आणली, आणि ती जोडायला ठिणगी स्पीकरमागे वाकली. कुठली तार कुठे जायला हवी हे झोपेतही सांगितलं असतं तिने. क्षणभर थांबून तिने उजव्याची तार स्वतःच्या हाताने उलटी जोडली. तारा नीट जोडल्या की काम संपणार, आणि काम संपलं की... पुढचं तिला ऐकायचंच नव्हतं.

त्यानंतर तिची झोप उडाली. दर रविवारी जिना चढताना ती ठरवायची, आज सांगायचं. वर गेलं की तो दार उघडून इतक्या आनंदाने हसायचा की ती चहाच मागायची. अ‍ॅम्प्लिफायरसाठी त्याने तीन शिकवण्या धरल्या, रात्रीचं जेवण सोडलं. अ‍ॅम्प्लिफायर आला. जुना, पण चांगला. बाई विहिरीतच राहिली. त्याच्या डोळ्यांखालचे खड्डे बघून ठिणगी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. प्रेम होतं, अगदी खरं होतं, आणि तिनेच त्याला उपाशी ठेवलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी भोंगा दुकानात आला तो मुकाट्याने. असा गप्प तो कधीच नसे.

"कळलं मला काय चुकतंय ते," तो म्हणाला. "खोकीच वाईट आहेत."

"कोण म्हणालं?"

"बाकी सगळं बदललं ना आपण? मग दुसरं काय उरलं?" तो टेबलावरचा स्क्रू बोटाने फिरवत राहिला. "बाबांनी बनवलीयत ती. सुतार आहेत ते. मी कॉलेजला निघालो तेव्हा... आठ महिने, दर सुट्टीच्या दिवशी बसून. कुठूनतरी नकाशा मिळवला होता. इंग्रजी येत नाही, तर आकडे बघून कापलं."

"तू... त्यांना सांगितलंस?"

"फोनवर विचारलं त्यांनी, म्हणून सांगितलं. मग म्हणाले, जमलं नाही रे मला. परत आणतो, लाकूड चांगलं आहे, दोन स्टुलं होतील." त्याने वर पाहिलं. "उद्या येतायत न्यायला. तुझ्याकडून एखादी स्वस्तातली जोडी मिळेल का गं?"

तो गेल्यावर ती मामांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. मामांनी चष्मा काढला. ओरडतील असं तिला वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

"पोरी, तो आवडतो तर आवडतो म्हणायचं होतंस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंस?"

"आता सांगितलं तर तो तोंड बघणार नाही माझं."

"नाही बघणार," मामा म्हणाले. "पण त्या सुताराने आयुष्यभर लाकडाला हात लावताना कचरावं, हे चालेल तुला?"

सकाळी ती खोलीवर पोहोचली तेव्हा भोंग्याचे बाबा आधीच आले होते. बुटकासा, अबोल माणूस. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक करवतीने कधीच नेलेलं. दोन्ही खोकी दोरीने बांधून कॉटशेजारी ठेवली होती.

"काका, एकदा सोडता का? मला लावून बघायचेत."

"राहू दे पोरी," ते ओशाळून म्हणाले. "फुकट त्रास दिला मी तुम्हा मुलांना."

तिने स्वतःच दोरी सोडली. स्पीकर विटांवर ठेवले, तारांची टोकं अ‍ॅम्प्लिफायरला लावली. मग ती उजव्याच्या मागे वाकली. दोन स्क्रू ढिले, दोन तारांची अदलाबदल, दोन स्क्रू घट्ट. तिने गाणं लावलं.

बाई विहिरीतून बाहेर आली. खोलीच्या मधोमध, समोर बसून गावं तशी गायली, आणि खालून तबला असा भरून आला की विटा गुणगुणल्या. काकांनी पुढे होऊन खोक्यावर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"काय केलंस?" भोंग्याने विचारलं.

"तार उलटी होती."

"एवढंच?"

"एवढंच."

काका वळले. "अरे, उलटी जाऊ नये म्हणून तर दोन्हीकडच्या एकेका तारेला मी गाठ मारली होती."

"ती गाठ?" भोंगा पुटपुटला. "खोली बदलताना सोडली मी, बाबा. मला वाटलं, गुंता झालाय." मग त्याने ठिणगीकडे पाहिलं. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "पण जाड तार तर तू जोडलीस. तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

"तू विचारलंस ना, खूप वेळा यावं लागेल का..." ती म्हणाली. "मला यायचं होतं. मला तू आवडतोस. तेव्हाही आवडत होतास. हे आधीच म्हणायला हवं होतं, पण भीती वाटली, आणि मग रोज जास्तच वाटत गेली."

हे शब्द ऐकायला त्याने किती रविवार वाट पाहिली होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. क्षणभरच.

"मलाही तू आवडत होतीस," तो म्हणाला. "तार नीट लावून म्हणाली असतीस ना, घरी जाणार नाही म्हणून, तरी मी चहा केला असता. पण मी माझ्या बापाला सांगितलं, तुमचं काम वाईट आहे. मी सांगितलं, ठिणगे. माझ्या तोंडाने."

"जाऊ दे रे, पोर आहे," काका म्हणाले.

"तुमचं जाऊ दे बाबा. माझं जात नाही."

ती जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. वर तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. इतके रविवार त्या खोलीत जे कधी ऐकू आलं नाही, ते आता भिंतीतून स्वच्छ ऐकू येत होतं. मधोमध आता बाप-लेक बसले असणार. गाणं संपेपर्यंत ती थांबली. दार उघडलं नाही.

परीक्षा झाल्यावर भोंगा गाव सोडून गेला. अ‍ॅम्प्लिफायर, विटा सगळं कोणाला तरी देऊन टाकलं म्हणतात. खोकी मात्र दोन काखांत दोन घेऊन गेला, हे त्याच्या खोलीखालच्या चहावाल्याने सांगितलं.

ठिणगी अजून मामांच्या दुकानात बसते. स्पीकर पोकळ वाजतो म्हणून कोणी आलं, की नाव विचारायच्या आधी ती सांगते, घरी जाऊन एका स्पीकरच्या तारा उलटून बघा, पैसे नकोत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग ते परत येत नाही. यायचं कारणच उरत नाही.